अध्यापन हे व्रत, वेतन हा न्याय

करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी हे गाव कोल्हापूर शहराच्या लगतच आहे. जवळच कोल्हापूरचा विमानतळ, पलीकडे गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आणि फार दूर नाही असा शिवाजी विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर. त्यामुळे या पंचक्रोशीतील अनेक घरांत शेती, कारखाना आणि कॉलेज ही तिन्ही एकाच छपराखाली नांदताना दिसतात.

काही दिवसांपूर्वी एक घर आशीर्वादित करण्याच्या निमित्ताने आमचे तेथे जाणे झाले. प्रार्थना आटोपली, चहा झाला आणि गोष्टी निघाल्या. घरातील वडील एका फाउंड्रीत कायम कामगार. थोरला मुलगा एम. ए. झालेला, सेट परीक्षा उत्तीर्ण, आणि दोन निरनिराळ्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारा. धाकटी मुलगी बारावीत; तिलाही दादासारखे प्राध्यापक व्हायचे आहे. बोलता बोलता वडील म्हणाले, "फादर, मी सातवी शिकलो. पर माझा पगार म्हैन्याच्या म्हैन्याला येतोय, फंड कापला जातोय, बोनस मिळतोय. ह्यो येवढा शिकला, आणि ह्याचा पगार कवा येईल ते ह्यालाबी ठाऊक नसतंय. आता पोरीला शिकवू का नको, तुम्हीच सांगा."

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर आम्हांला तेथे लगेच देता आले नाही. शिक्षण घेतले की माणूस वर येतो, असे आम्ही धर्मगुरू व्यासपीठावरून आजवर सांगत आलो. येथे तर शिक्षणाची शिडी चढून गेलेला मुलगा शिडीच्या पायथ्याशी असलेल्या बापापेक्षा अधिक असुरक्षित झाला होता. असे का व्हावे, कायदा याविषयी काय म्हणतो, आणि ख्रिस्तसभेची शिकवण आपणांस काय सांगते, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

तासिका तत्त्व म्हणजे काय?

अनुदानित महाविद्यालयातील मंजूर पदावरील प्राध्यापकाचे वेतन राज्य शासन देते. असे पद निवृत्तीमुळे रिकामे झाले आणि ते भरण्यास परवानगी मिळाली नाही, तरी विद्यार्थी वर्गात येतच राहतात. मग त्या पदावरील तास वाटून दिले जातात आणि प्रत्येक तासाला ठरावीक मानधन या बोलीवर अध्यापक नेमले जातात. यालाच तासिका तत्त्व म्हणतात. मूळ कल्पना तात्पुरत्या सोयीची होती. कोणी दीर्घ रजेवर गेले, एखाद्या विषयाचे थोडेच तास उरले, तर तेवढ्यापुरती ही व्यवस्था असावी, हे समजण्यासारखे आहे.

परंतु सोय हळूहळू रीत झाली. मे २०१७ मध्ये राज्यात प्राध्यापकांच्या भरतीवर निर्बंध आले. पुढे नोव्हेंबर २०१८ मध्ये ते अंशतः शिथिल झाले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये २०८८ पदे भरण्यास मान्यता मिळाली. दरम्यानच्या काळात निवृत्ती थांबली नव्हती. जागा रिकाम्या होत गेल्या आणि त्यांची भर तासिकांवर पडत गेली.

या व्यवस्थेचा हिशेब सर्वसाधारण वाचकाला ठाऊक नसतो, म्हणून तो थोडक्यात सांगतो. मानधन मिळते ते प्रत्यक्ष घेतलेल्या तासाचे. तासाची तयारी, उत्तरपत्रिका, प्रवेशाची कामे, विद्यार्थ्यांच्या अडचणी, मूल्यांकनासाठी तयार करावयाची कागदपत्रे यांचा त्यात हिशेब नसतो. सुट्टी लागली की मानधन थांबते. नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरती. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. मानधनाची देयके महाविद्यालयाकडून सहसंचालकांच्या कार्यालयाकडे जातात आणि निधी आला की रक्कम मिळते. तोवर घरभाडे आणि किराणा मात्र थांबत नाहीत.

विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी दर तासाला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये अशी मर्यादा सुचविली. म्हणजे तो दर पूर्ण मिळाला तरी महिन्यातील चौतिसाव्या तासानंतरचे अध्यापन विनामूल्य होते. राज्यातील महाविद्यालयांतील तासिकेचा दर तर याहून कमी राहिला आहे. त्याच आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत असेही म्हटले होते की कंत्राटी अध्यापकांची संख्या एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू नये. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या नियमावलीच्या मसुद्यात ही मर्यादाच वगळण्यात आली होती. वारे कोणत्या दिशेने वाहत आहे, हे यावरून ध्यानी यावे.

कोल्हापूरचा वारसा

हे चित्र कोल्हापूरच्या भूमीत अधिकच बोचते. याच संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिका उभी केली आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय घेतला. याच जिल्ह्यातील कुंभोज येथे जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 'कमवा आणि शिका' या मंत्राने श्रम व शिक्षण यांची गाठ घालून दिली. १९५४ मध्ये बापूजी साळुंखे यांनी स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था सुरू केली. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि खेड्यांतील मुलांना पुण्या-मुंबईस न जाता पदवी घेण्याचा मार्ग मोकळा झाला.

या सर्वांच्या कार्यामागे एक समान सूत्र होते. शिक्षण ही समाजाची जबाबदारी आहे, आणि ज्याच्या हाती पैसा नाही त्याच्यासाठी ती अधिकच आहे. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळू लागली. त्यातून अनेक नव्या संस्था निघाल्या, हजारो तरुण अभियंते झाले, हे मान्य करावयास हवे. पण त्याचबरोबर महाविद्यालयाचा खर्च विद्यार्थ्याच्या शुल्कातून भागवावा ही कल्पनाही रुजली. शुल्क वाढविण्यास मर्यादा आणि पगार कमी ठेवण्यास मात्र मर्यादा नाही, अशा स्थितीत काटकसरीची कुऱ्हाड प्रथम अध्यापकाच्या पगारावर पडते. अनुदानित महाविद्यालयात शासन पद भरत नाही आणि विनाअनुदानित महाविद्यालयात संस्था पूर्ण पगार देऊ शकत नाही किंवा देऊ इच्छित नाही. दोन्ही वाटा त्या तरुणापाशी येऊन एकच होतात.

रविवारची सुट्टी आणि एक विश्वपत्र

संघटना म्हटली की आपल्यापैकी अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. मोर्चा, बंद, घोषणा एवढेच डोळ्यांपुढे येते. म्हणून थोडा मागचा इतिहास आठवावा.

आपण दर रविवारी मिस्सेला जातो. मुंबईच्या गिरणी कामगाराला पूर्वी हा दिवस मोकळा मिळत नसे. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. साप्ताहिक सुट्टी ही तिची एक प्रमुख मागणी होती. सभा झाल्या, निवेदने गेली, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. पण आपल्या राज्यातील श्रमिकाला रविवारची विश्रांती मिळवून देण्यात त्यांच्या संघटनेचा मोठा वाटा आहे, याची कृतज्ञ जाणीव आपण ठेवली पाहिजे.

त्यानंतर वर्षभराच्या आत, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरूम नोव्हारूम' हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. कामगारांना एकत्र येऊन संघ स्थापन करण्याचा नैसर्गिक अधिकार आहे आणि मजुरी केवळ दोघांच्या संमतीने ठरली म्हणून ती न्याय्य होत नाही, असे त्यात स्पष्ट प्रतिपादन आहे. गरजेपोटी माणूस कमी मजुरीला हो म्हणतो. त्या होकाराला न्याय म्हणता येणार नाही, हा त्यातील मुद्दा तासिकेच्या करारावर सही करणाऱ्या आजच्या पदवीधरालाही तंतोतंत लागू पडतो.

श्रम आणि उच्च शिक्षण हे दोन निराळे विषय आहेत असे मानण्याचीही आपली सवय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तसे मानले नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि त्याच काळात, १९४५ मध्ये, त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. कामगाराचा हक्क आणि कामगाराच्या मुलाचे महाविद्यालय या दोहोंची काळजी त्यांनी एकाच वेळी वाहिली.

प्राध्यापकांच्या संघटना

महाराष्ट्रातील विद्यापीठीय अध्यापकांच्या संघटनांचा महासंघ 'एमफुक्टो' या नावाने ओळखला जातो. शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात 'सुटा' ही संघटना सर्वपरिचित आहे. वेतनश्रेणी, सेवाशर्ती, निवृत्तिवेतन, अन्यायाने कामावरून काढण्यास विरोध हे त्यांचे नेहमीचे विषय.

या संघटनांच्या लढ्यांना दुसरी बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. फेब्रुवारी ते मे २०१३ या काळात प्राध्यापकांनी वेतनाची थकबाकी आणि नेट-सेट नसलेल्या अध्यापकांचा प्रश्न यांसाठी परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला. मागण्यांत तथ्य होते. तथापि झळ बसली ती विद्यार्थ्यांना. परीक्षा आणि निकाल यांची घडी विस्कटली. अनेक पालकांच्या मनात त्या वेळी जी कटुता निर्माण झाली, ती आजही पूर्णपणे गेलेली नाही. शिवाय तासिका तत्त्वावरील अध्यापकाला असे वाटत राहिले की ही लढाई पद असलेल्यांची आहे, पद नसलेल्यांची नाही. पुढे सप्टेंबर २०१८ मधील आंदोलनात रिक्त पदांची भरती आणि तासिका अध्यापकांचे वेतन हे विषय पुढे आले, ही समाधानाची गोष्ट होय. ज्या संघटनेत सर्वांत दुर्बल सभासदाचा प्रश्न पहिला घेतला जातो, तीच संघटना समाजाची सहानुभूती मिळवू शकते.

कायद्याच्या दारात

आता कायद्याकडे वळू. फाउंड्रीतील वडिलांना कामावरून काढले तर ते कामगार न्यायालयात जाऊ शकतात. महाविद्यालयातील मुलगा तसा जाऊ शकतो काय?

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या गाजलेल्या खटल्यात शिक्षणसंस्था ही देखील 'उद्योग' या व्याख्येत येऊ शकते असा निर्णय दिला. त्यामुळे शिक्षकांच्या आशा पल्लवित झाल्या. परंतु दहा वर्षांनी, १९८८ मध्ये, दुसरा निर्णय आला, आणि तो आपल्या जवळच्या गोव्यातून गेलेल्या खटल्यात. धर्मभगिनींच्या संस्थेने चालविलेल्या एका शाळेतील शिक्षिकेची सेवा १९७५ मध्ये समाप्त करण्यात आली होती. सुंदरंबल खटला म्हणून तो ओळखला जातो. न्यायालयाने असे ठरविले की शाळा हा उद्योग असला तरी शिक्षक 'कामगार' नव्हे. कारण अध्यापन हे अंगमेहनतीचे, कारकुनी अथवा तांत्रिक काम नसून ते एक उदात्त व्रत आहे.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. अध्यापनाचा एवढा गौरव झाला, आणि त्या गौरवामुळेच शिक्षिकेसाठी कामगार न्यायालयाचे दार बंद झाले. त्याच शाळेतील शिपाई आणि लिपिक मात्र त्या दारातून आत जाऊ शकत होते. न्यायालयालाही ही विसंगती जाणवली होती. शिक्षकांना सामाजिक न्यायापासून वंचित ठेवता येणार नाही, काही व्यवस्थापने त्यांची पिळवणूक करतात, म्हणून त्यांच्यासाठी योग्य यंत्रणा कायद्याने निर्माण करावी, असे त्याच निकालपत्रात सुचविले आहे.

महाराष्ट्रात अशी यंत्रणा काही प्रमाणात आहे. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्ती कायदा आहे. महाविद्यालयीन अध्यापकांसाठी १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात न्यायाधिकरणाची तरतूद होती आणि तिची जागा घेणाऱ्या २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातही ती आहे. बडतर्फ झालेला कायम अध्यापक तेथे दाद मागू शकतो. तासिकेवरील अध्यापकाची अडचण निराळी आहे. त्याला कोणी बडतर्फ करीतच नाही. त्याची मुदत संपते, आणि पुढच्या जूनमध्ये त्याला बोलावणे येत नाही. दाद मागावी तर कशाविरुद्ध?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा इतिहासजमा झाला. नव्या औद्योगिक संबंध संहितेतील 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येतही अध्यापनाचा उल्लेख नाही. इतकेच नव्हे, तर प्रामुख्याने धर्मादाय वा सामाजिक सेवेत असलेल्या संघटनांच्या संस्था 'उद्योग' या व्याख्येतून वगळल्या आहेत. म्हणजे ज्या संस्था आपले काम सेवा म्हणून करतात, त्यांच्यावर कायद्याचा धाक कमी आणि विवेकाची जबाबदारी अधिक, अशी ही स्थिती आहे.

तरीही एकजुटीने काहीच साध्य होत नाही असे समजू नये. ग्रॅच्युइटीचे उदाहरण घ्या. शिक्षक हा ग्रॅच्युइटी कायद्याखालील 'कर्मचारी' नाही, असा निर्णय २००४ मध्ये झाला. शिक्षकांच्या पाठपुराव्यानंतर संसदेने २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि तिचा लाभ ३ एप्रिल १९९७ पासून लागू केला. खासगी शाळांनी त्यास आव्हान दिले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. अठरा वर्षे लागली, पण हक्क मिळाला.

आपल्या संस्थांचे काय?

ख्रिस्ती समाजाला आपल्या शिक्षणसंस्थांचा रास्त अभिमान आहे. राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार दिला आहे. या अधिकाराचे रक्षण आपण जागरूकतेने केलेच पाहिजे. पण त्याचा अर्थ काय होतो आणि काय होत नाही, हेही समजून घ्यावयास हवे. दिल्लीतील फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलच्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये सांगितले की अल्पसंख्याक संस्थेतील कर्मचाऱ्यांना इतरांच्या बरोबरीचे वेतन देण्याची अट घातल्याने त्या संस्थेच्या अधिकाराला बाध येत नाही. १९८७ मध्ये वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या प्रकरणात न्यायालयाने औद्योगिक विवाद कायदा अल्पसंख्याक संस्थांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले.

हा प्रश्न आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत १९७९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कॅथलिक शाळांतील शिक्षकांच्या बाबतीत केंद्रीय कामगार मंडळाचे अधिकारक्षेत्र नाकारले, आणि त्या निर्णयाचा आधार घेऊन काही कॅथलिक विद्यापीठांनी अर्धवेळ अध्यापकांच्या संघटनेस विरोध केला. याउलट वॉशिंग्टन येथील येशूसंघीयांच्या जॉर्जटाउन विद्यापीठाने आपल्या न्याय्य रोजगार धोरणाला अनुसरून आडकाठी केली नाही, आणि २०१३ मध्ये तेथील अर्धवेळ अध्यापकांनी आपली संघटना मतदानाने स्थापिली. एकच श्रद्धा, एकच देश, आणि वागणे मात्र दोन तऱ्हांचे. कायद्याने मोकळीक दिली असता आपण काय करतो, यातच आपली परीक्षा असते.

ख्रिस्तसभेची शिकवण

मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, कारण तो गरीब असून त्याचा जीव तिच्याकडे लागलेला असतो, अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात आहे. रोखून धरलेली मजुरी देवाच्या कानी आक्रोश करते, असे संत याकोबाने आपल्या पत्रात बजावले आहे. आणि द्राक्षमळ्याच्या मालकाचा दृष्टान्त तर आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. दिवस मावळता मावळता आलेल्या माणसाने तासभरच काम केले. तरी धन्याने त्याच्या हाती पूर्ण दिवसाचे नाणे ठेवले. त्या माणसाच्या घरीही संध्याकाळी चूल पेटावयाची होती, हे त्या धन्याने जाणले असले पाहिजे. हा दृष्टान्त मुख्यतः देवाच्या कृपेविषयी आहे. पण देवाची कृपा तासांच्या हिशेबाने चालत नाही हे ज्यांना कळले, त्यांनी माणसाचे पोट तासांच्या हिशेबात बसवू नये, एवढे तरी त्यातून घेता येईल.

पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' या विश्वपत्रात कामगार संघटना या आधुनिक समाजजीवनाचा अपरिहार्य भाग असल्याचे सांगितले. संप हे वैध साधन आहे, पण ते अखेरचे साधन; त्याने अत्यावश्यक सेवा मोडू नयेत आणि त्याचा राजकीय हेतूंसाठी गैरवापर होऊ नये, अशी मर्यादाही त्यांनी घातली. त्याच पत्रात सुशिक्षित श्रमिकांच्या वाट्याला येणाऱ्या बेकारीचा व त्यांच्या श्रमाच्या घसरत्या मोलाचाही त्यांनी उल्लेख केला आहे. गडमुडशिंगीतील त्या घराची कहाणी त्यांनी जणू आधीच ओळखली होती.

१९७१ च्या बिशपांच्या सिनडने असे नमूद केले की जगाला न्याय सांगू पाहणाऱ्या ख्रिस्तसभेने प्रथम स्वतः न्यायी असले पाहिजे. १९८३ च्या कॅनन कायद्यातील १२८६ वे कलम याहून थेट आहे. चर्चच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्यांनी देशाचे कामगारविषयक कायदे पाळावेत आणि कर्मचाऱ्यांना न्याय्य व पुरेसे वेतन द्यावे, अशी आज्ञा त्यात आहे.

यावर कोणी म्हणेल, "फादर, पैसा कोठून आणायचा? शुल्क वाढविले तर गरीब मुले बाहेर पडतील." हा आक्षेप खरा आहे. संस्था चालविणाऱ्यांची ओढाताण आम्हांला ठाऊक आहे. पण गरीब विद्यार्थ्याचे शुल्क कमी ठेवण्याचा भार गरीब अध्यापकाच्या माथी मारणे हा त्यावरचा उपाय नव्हे. त्या भाराचा खरा वाटेकरी शासन आहे, समाज आहे, माजी विद्यार्थी आहेत. शासनाकडे पदे आणि अनुदान मागताना संस्थाचालक आणि संघटना एकमेकांचे विरोधक नसून सहकारी ठरू शकतात. आणि संस्थेपाशी खरोखरच पैसा नसेल, तर हिशेब कर्मचाऱ्यांपुढे उघडा ठेवावा. उघडा हिशेब पाहून माणसे पुष्कळ सोसतात; झाकलेला हिशेब संशय वाढवितो.

'व्रत' या शब्दाविषयीही दोन शब्द. आम्ही व्रतस्थ आहोत. व्रत कशाला म्हणतात हे आम्हांला थोडेफार कळते. व्रत हे माणूस आपल्या खुशीने घेतो. दुसऱ्याने ते त्याच्यावर लादले तर तो त्याग नसतो, ती वंचना असते. शिवाय धर्मगुरूच्या जेवणाची, औषधाची आणि म्हातारपणाची काळजी धर्मप्रांत घेतो. मुलाबाळांच्या प्रापंचिक अध्यापकाला आमच्यासारखा त्याग करावयास सांगावयाचे आणि आमच्यासारखा आधार मात्र द्यावयाचा नाही, हे न्यायाला धरून नाही.

उद्याचे महाविद्यालय

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातील पटनोंदणीचे प्रमाण ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. म्हणजे अधिक विद्यार्थी, अधिक विषय, अधिक पर्याय. हे सारे शिकविणार कोण? संगणकावरून धडे देण्याची सोय आता सर्वत्र झाली आहे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता प्रश्नांची उत्तरे क्षणार्धात देऊ लागली आहे. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपल्या नावाचे कारण सांगताना लिओ तेरावे यांच्या विश्वपत्राचे स्मरण केले, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवी प्रतिष्ठा, न्याय व श्रम यांपुढे नवी आव्हाने उभी राहिल्याचे सांगितले.

यंत्र माहिती देईल. पण ऊसतोडणी करणाऱ्याच्या घरातून आलेली पहिल्या पिढीची विद्यार्थिनी इंग्रजीच्या भीतीने मागच्या बाकावर गप्प बसली आहे, हे ओळखून तिला तासानंतर थांबवून घेणारा माणूस लागतो. तो माणूस दुसऱ्या महाविद्यालयातील तास गाठण्यासाठी एसटी पकडण्याच्या घाईत असेल, किंवा पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे त्यालाच ठाऊक नसेल, तर तो थांबणार कसा? अध्यापकाच्या हक्काचा प्रश्न विद्यार्थ्याच्या हिताचा प्रश्न होतो तो येथे. श्रीमंत घरातील मुलाला खासगी शिकवणी मिळते. गरिबाच्या मुलाला त्याचे महाविद्यालय हीच एकमेव शिकवणी असते.

मग आपण काय करावे? पालकांनी महाविद्यालय निवडताना शुल्काबरोबर एवढे विचारावे की आमच्या मुलांना शिकविणाऱ्यांपैकी कायम किती आहेत. संस्थांच्या मंडळांवर असलेल्या आपल्या बांधवांनी लेखी नेमणूकपत्र, ठरल्या तारखेला पगार, भविष्य निर्वाह निधी आणि तक्रार ऐकण्याची व्यवस्था एवढ्या चार गोष्टींची चौकशी पुढच्याच बैठकीत करावी. हीच चौकशी कंत्राटदाराकडून येणाऱ्या सफाई कामगारांची आणि पहारेकऱ्यांचीही करावी; शिक्षणसंस्थेत श्रमिक म्हणजे केवळ प्राध्यापक नव्हेत. तरुण अध्यापकांनी एकटे कुढत न बसता आपल्या संघटनेत जावे, आणि तेथे विद्यार्थ्याचे नुकसान होणार नाही असे मार्ग सुचवावेत. आणि आम्हां धर्मगुरूंनी, ज्यांच्या हाती शाळा-कॉलेजांचा कारभार आहे, आपल्या संस्थेतील सर्वांत कमी पगाराचे पाकीट एकदा स्वतःच्या हाताने उघडून पाहावे.

गडमुडशिंगीहून निघताना त्या बारावीतील मुलीने दारापर्यंत येऊन विचारले, "फादर, मग मी प्राध्यापक होऊ की नको?" आम्ही तिला म्हणालो, "हो बाळ, जरूर हो." हे उत्तर देताना आम्ही तिला एक वचन देऊन बसलो आहोत, याची जाणीव परतीच्या वाटेवर झाली. तिने तिचा अभ्यास करावयाचा आहे. ती वर्गात उभी राहील त्या दिवशी तिला महिन्याच्या महिन्याला पगार मिळेल, अशी व्यवस्था करणे हे आपणा मोठ्यांचे काम आहे.